कारवी आणि मुशी

सह्याद्रीच्या उतारावर वाढणारे कारवीचे झुडूप आणि अरबी समुद्रात फिरणारी व्हेल शार्क नावाची प्रचंड मुशी यांच्यात साम्य कोठे सापडावे? एक मातीत पाय रोवून उभी, तर दुसरी अथांग पाण्यात स्वच्छंद विहार करणारी. एकीची उंची फार तर पुरुष-दोन पुरुष, तर दुसरीची लांबी चाळीस फुटांपर्यंत भरते. तरीही दोघींच्या जीवनक्रमात एक गोष्ट समान आहे. घाई कशी ती दोघींनाही ठाऊक नाही.

कारवी सात वर्षे केवळ पाने आणि काठ्या वाढवीत राहते. आठव्या वर्षी मात्र पावसाळा सरता सरता सारा डोंगर जांभळा होऊन जातो आणि मधमाश्यांची झुंबड उडते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हा सोहळा २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली दिसला. आयुष्यात एकदाच फुलून, बी धरून ही झुडपे वाळून जातात. पुढची पिढी त्या बियांतूनच उगवते.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा होय. आकार भयंकर, पण स्वभाव गरीब. तोंड उघडून पाणी आत घ्यावे आणि त्यातील सूक्ष्म जीव व लहान मासे गाळून खावेत, एवढाच तिचा उद्योग. तिला वयात येण्यास दोन तपे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

अशा दीर्घ तयारीचे मोल माणसाला चटकन कळत नाही. डोंगरातील लोकांनी कारवीच्या काठ्यांनी पिढ्यानपिढ्या घरांचे कूड उभारले. परंतु बहरापूर्वीच ती मुळासकट उपटली गेली, तर सात वर्षांची पुंजी बी न देताच संपते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या मुशीची शिकार होत असे. तिच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडीत. २००१ साली कायद्याने तिला अभय दिले. पुढे तेथील मच्छीमार जाळ्यात अडकलेली मुशी सोडविण्यासाठी स्वतःचे जाळे कापू लागले. जाळे म्हणजे त्यांच्या संसाराचा आधार. जाळ्याची भरपाई मिळते. परंतु त्या दिवसाची मासळी हातची गेलेलीच असते. तरीही सुरी चालते, आणि मुशी खोल पाण्यात निघून जाते.

तिची पिले तो मच्छीमार कदाचित कधीच पाहणार नाही. जे पिकायला वर्षे लागतात, ते नाहीसे करायला एक घटका पुरते. ही जाण ज्याला आली, त्याचा हात आपोआप आवरतो.