हसरा अल्बर्ट

सहीचा फोटो हातात आला की मी सही नंतर बघतो. आधी खोलीत अंधार करून कागदावर अतिनील किरणांची बॅटरी मारायची. कागद निळसर पांढरा चमकला, तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला नव्हे. ती चकाकी देणारी रसायनं फोटोच्या कागदात आली १९५० च्या आसपास. जर्मन सेनानी रोमेलला विष घ्यावं लागलं ऑक्टोबर १९४४ मध्ये. चमकत्या कागदावर त्याची सही दिसली, की फोटो मुकाट्यानं परत.

नाही चमकला तरी हुरळायचं नाही. त्या काळी जर्मनीत सेनानींची पोस्टकार्डं विकली जात आणि पोरं त्यांवर सह्या मागवत. कोरी कार्डं अजून मिळतात. कार्ड अस्सल, सही कालची! म्हणून मग भिंग. सराईत हाताची रेघ वेगानं जाते, कुठे दाटते, कुठे विरते. नकलाकार सही करत नाही, सहीचं चित्र काढतो. वळणावर त्याचा हात थबकतो आणि तिथे शाई साचते.

भावाचं गणित मात्र अघोरी. ॲडमिरल ड्योनिट्झ १९५६ मध्ये तुरुंगातून सुटला, १९८० पर्यंत जगला, पत्रांना उत्तरं देत राहिला. त्याची सही स्वस्त. फील्डमार्शल कायटेल १९४६ मध्ये फासावर गेला, त्याची महाग.

माझ्याकडचा फील्डमार्शल केसेलरिंग गणवेशात, छान हसतोय. शत्रूही त्याला ‘हसरा अल्बर्ट’ म्हणत. युद्धकाळातला म्हणून घेतला होता. बॅटरी नंतर घेतली. कागद लख्ख चमकला. सही मात्र त्याचीच. म्हणजे रोममध्ये ३३५ जणांना गुहेत गोळ्या घातल्या गेल्या त्या प्रकरणात १९४७ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, तो टळला, १९५२ मध्ये सुटका झाली, आणि त्यानंतर कधीतरी घरात बसून त्यानं स्वतःच्या जुन्या हसण्याखाली नाव लिहिलं. फसवला गेलो म्हणून चिडलो होतो. पण युद्धातल्या सहीपेक्षा हीच मला जास्त बोलकी वाटते.

इटलीत याच्याच फौजांशी मराठा पलटणी लढत होत्या. १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे मशिनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा मशिनगनवरच्या उरलेल्या दोघांना हातातल्या बंदुकीच्या दणक्यांनी लोळवलं. मग दडलेल्या नेमबाजांनी घाडगेंना टिपलं. माणगावात त्यांचं स्मारक आहे. सही केलेला फोटो? इतक्या वर्षांत एकाही लिलावात मी पाहिलेला नाही.

आला, तर तो तपासायचा कशाशी ताडून?