हजेरीपट आणि मतदारयादी

मुलांनो, तुमच्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या पिशवीत काय काय असतं, कधी डोकावून पाहिलंय का? माझ्या पिशवीत हजेरीपट असतो, तपासायच्या वह्या असतात, खडू, डबा, पाण्याची बाटली. आणि या सगळ्याच्या खाली असते एक निळी फाइल. तिच्यात आमच्या वाडीची मतदारयादी आहे. कारण मी दोन कामं करते. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. आणि शाळा भरायच्या आधी, सुटल्यावर अन् सुट्टीच्या दिवशी मी असते बी.एल.ओ., म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव केवढं भारदस्त! काम मात्र दारोदार हिंडण्याचं. कोण अठरा वर्षांचं झालं, कोण लग्न होऊन आलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, हे सगळं टिपून यादी नीट ठेवायची.

तुम्ही म्हणाल, बाईंना हे काम कशाला? तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, की शिक्षकांना शिकवण्याशिवाय दुसरी कामं लावू नयेत. पण त्याच कलमात तीन कामांची सूट आहे : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. झालं! आम्ही त्या तिसऱ्यात सापडलो. या कामाचं मानधन २०२५ मध्ये सहा हजारांचं बारा हजार रुपये झालं. वर्षाचं बरं का, महिन्याचं नव्हे! कुरकुर करते का मी? करते की! वह्या तपासायच्या वेळात यादी तपासावी लागली की कोणालाही राग येईल. पण गेल्या १२ डिसेंबरचा दिवस तुम्हाला सांगते. त्या दिवशी दोन्ही कामं एकमेकांत अशी गुंतली, की कुठलं कुठे संपलं ते मलाच कळेना.

मी राहते नारायणगावला, म्हणजे जुन्नर तालुक्यात. आमच्या एस. टी. स्टँडजवळ पहाटेपासून मजुरांचा बाजार भरतो. हो, माणसांचा बाजार! डोंगरातली भातं निघाली, की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडची आदिवासी माणसं कामासाठी खाली बागायती पट्ट्यात येतात. शेतकरी गाड्या घेऊन येतात, मजुरीचं ठरतं आणि बायामाणसं गाडीत बसून कांद्याच्या लावणीला नाहीतर द्राक्षांच्या बागेत जातात. कोणी रोज ये-जा करतं, कोणी आठवडाभर इकडेच राहतं.

त्या सकाळी मी स्कूटीवरून निघाले होते. थंडी अशी, की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. तेवढ्यात गर्दीतून हाक आली, "बाईऽ! अवो बाई!"

बघते तर माझ्या तिसरीतल्या एका मुलीची आई. नाव सांगत नाही, त्या माउलीला आवडायचं नाही. यादीच्या कामासाठी मी त्यांच्या घरी तीनदा जाऊन आले होते आणि तीनही वेळा दाराला कुलूप. म्हणजे मी जिला डोंगरात शोधत होते, ती रोज माझ्याच गावात, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर उभी असायची!

त्यांची अडचण अशी, की माहेर जुन्नर तालुक्यातलं आणि लग्न झालं आंबेगावात. नाव अजून माहेरच्या यादीत. जुन्नर हा विधानसभेचा १९५ क्रमांकाचा मतदारसंघ आणि आंबेगाव १९६. एका माणसाचं नाव एकाच यादीत राहू शकतं आणि मत तिथेच जाऊन द्यावं लागतं. मताच्या दिवशी मजुरी बुडवून माहेरी कोण जाणार? म्हणून लग्न झाल्यापासून त्यांनी मतच दिलं नव्हतं. राहण्याचं ठिकाण बदललं की आठ नंबरचा अर्ज भरतात. मी तिथेच स्कूटीच्या सीटवर कागद ठेवला. त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली. मतदार कार्ड मात्र घरी पेटीत होतं.

"संध्याकाळी घरी येऊन नंबर उतरवून घेते, ताई," मी म्हटलं.

"या की. पोरगी आसंल घरी. साळंत येती ना वो ती?"

आता काय सांगायचं? हजेरीपट पिशवीतच होता. आठ दिवस सलग गैरहजर. मी ते सांगितलं, तशी त्या गप्पच झाल्या. त्यांना वाटत होतं, धाकट्याला आजी सांभाळते. इतक्यात गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. बाकीच्या बाया चढल्या, त्याही चढल्या. गाडी हलली तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या.

पालकहो, हे वाचून त्या आईला बोल लावू नका. त्या दिवसाची मजुरी सोडून ती घरी आली असती, तर संध्याकाळी चूल कशावर पेटली असती?

मंचर, घोडेगाव मागे टाकत मी शाळेत पोचले. आमची शाळा द्विशिक्षकी. त्या दिवशी दुसरे गुरुजी बैठकीला घोडेगावला गेलेले, म्हणून पहिली ते चौथी सगळी मुलं माझ्यासमोर. १२ डिसेंबर हा हुतात्मा बाबू गेनूंचा स्मृतिदिन. ते आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईला गेलेले गिरणीकामगार. १९३० साली परदेशी कापडाचा ट्रक अडवायला ते रस्त्यात आडवे आले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. गोष्ट संपल्यावर चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, ते पण कामाला गाव सोडून गेले होते? माझ्या बापासारखे?" मी हो म्हटलं. मग पहिलीला चित्रं रंगवायला दिली, दुसरीला पाढे, आणि तिसरी-चौथीला भागाकार घेतला. मध्ये खिचडी झाली. तिसरीतली खिडकीजवळची जागा मात्र रिकामीच होती.

शाळा सुटल्यावर निळी फाइल बाहेर निघाली. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारून येतं आणि आमच्या भागात अंधार म्हणजे बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. म्हणून झपझप चालावं लागतं. वाटेत खाली धरणाचं पाणी दिसतं. त्या पाण्यात जुनं आंबेगाव बुडालंय. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गाव पाण्याखाली आणि कचेरी घोडेगावला! यादी घेऊन तिथून जाताना मला नेहमी वाटतं, गाव बुडालं तरी नाव तरंगतंय.

या वेळी दाराला कुलूप नव्हतं. अंगणात माझी विद्यार्थिनी दीड वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन उभी. मला पाहताच पोरगी घाबरली. आजी आतून म्हणाल्या, "म्या गुरांमागं जाती बाई, गुडघं धरल्यात. ह्या पोराच्या मागं पळवत न्हाई." अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढची मुलं घेते. मग दीड वर्षाच्या पोराने जायचं कुठे?

मी म्हटलं, "उद्यापासून याला घेऊन शाळेत ये."

"वर्गात? बाई, तो रडतो!"

"रडू दे. पहिलीतलेही रडतात."

असं करावं की नाही, यावर शिक्षकांचं एकमत होणार नाही. माझं मत विचाराल तर वर्गात एक रडकं बाळ चालेल, पण घरी बसलेली तिसरीतली मुलगी चालणार नाही.

मग तिने पत्र्याची पेटी उघडून आईचं कार्ड काढलं. जन्मतारीख १ जून. मला हसू आलं. तुमच्या आजी-आजोबांना त्यांचा वाढदिवस विचारून बघा. कितीतरी जणांचा १ जून निघेल! जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आलं, की जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकत. त्यांनी दाखलखारिज रजिस्टरात लिहिलेली ती तारीख माणसाला जन्मभर पुरते.

आणि नाव? १९५१-५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक. तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्या मुलीला मी हे सांगितलं. तिने कार्डावर बोट ठेवून विचारलं, "मग माझ्या आईचं हे नाव पक्कं ना?"

वाडीवर नेटवर्क नाही, म्हणून अर्जाची माहिती रात्री नारायणगावला आल्यावर मोबाइलवर भरली. मग भाकरी टाकल्या, आणि चौथीच्या वह्या तपासता तपासता साडेअकरा वाजले.

बाळ शाळेत येऊ लागलं. पहिल्या आठवड्यात त्याने माझे दोन खडू खाल्ले आणि फळा पुसायचं फडकं पळवलं. आता 'हजर' म्हटलं की तोही हात वर करतो.

पुढे अर्ज मंजूर होऊन नाव आंबेगावच्या यादीत आलं. ते दाखवायला मी एका रविवारी गेले, तर त्या माउली घरीच होत्या. यादी मी मुलीच्या हातात दिली. तिने भाग क्रमांक वाचला, अनुक्रमांक वाचला आणि मग आईचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. आईने तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"वय बी लिवलंय का गं त्यात?"

"हो. वाचू?"

"नगं, ऱ्हाऊ दे!" म्हणत त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि आजींसकट आम्ही सगळ्या हसत सुटलो.