कालवण भाकरीला

“एन्चिलाडा म्हणजे वरून सॉस ओतलेला बरीटोच ना?” पुण्याच्या एका हॉटेलात भाचीनं विचारलं आणि मी मेनूकार्डात तोंड लपवलं. घरी येऊन वाचलं. एन्चिलाडाची पोळी मक्याची, मिरचीच्या रश्शात घोळवलेली. नावाचा अर्थच ‘तिखट लावलेली’. बरीटोची पोळी गव्हाची, कोरडी, गुंडाळी हातात धरून खायची. मिरची मूळची मेक्सिकोकडची, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेली. पोर्तुगीज म्हटल्यावर शाळेपासून बघायचा राहिलेला तारापूरचा किल्ला आठवला. झालं!

पालघर मागे टाकून बोईसरला उतरलो. लॉजच्या उशीलासुद्धा कारखान्यांचा वास; रात्र खिडकी उघडू की लावू यातच सरली. १९६९ पासूनच्या अणुवीज केंद्राची पाटी रिक्षातून पाहिली, तेवढी पुरे.

किल्ल्यात नारळाची वाडी आहे. सोबतीला इतिहासाचे एक निवृत्त मास्तर. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तारापूर घेतलं, त्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, हे मास्तर असं सांगत होते, जणू सांडणीस्वार आत्ताच येऊन गेला. मी मिरचीचं काढलं, तर भडकले.

“फिरंग्यांनी काय दिलं ते सांगताय? छळ सांगा की!”

“मास्तर, मिरची तर तुम्हीही खाता.”

“खातो. म्हणून उपकार मानू?”

मी गप्प बसलो.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. परातीत तांदळाचं पीठ. काकूंनी अर्ध्या पिठाची उकड काढून भाकरी थापली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, टम्म फुगली. उरलेलं पीठ पाणी-मीठ घालून सैल केलं, केळीच्या पानावर पसरलं, वर दुसरं पान, आणि तव्यावर. पान करपल्याचा वास सुटला तशा म्हणाल्या, “झाली.” पानगीवर पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या. मी तिच्यावर बोंबलाचं कालवण ओतायला गेलो, तर काकूंनी ताटच ओढलं. “लगदा होईल! कालवण भाकरीला. पानगीला लोणी.”

मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, म्हणून तिकडची पोळी थापता येते नि रश्शात टिकते, हे मी वाचलं होतं. ते कळलं मात्र काकूंनी ताट ओढल्यावर.

निघताना मास्तरांनी वाडीतले पिशवीभर चिकू दिले. चिकूही मेक्सिकोकडचाच, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरी पिकायला चार दिवस लागले.