बाळहिरड्याची पारख

घोडेगावहून पश्चिमेला डिंभे धरणाच्या कडेकडेनं आहुपे-तळेघरच्या डोंगरात शिरलं की उन्हाळ्यात अंगणाअंगणात काळं वाळवण पसरलेलं दिसतं. हा बाळहिरडा, आठळी धरण्याआधीच झाडावरून उतरवलेला. इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात पावसाळ्याच्या तोंडावर जो रोख पैसा येतो, त्यात याचा वाटा मोठा. औषधी कच्च्या मालाची परीक्षा हे माझं काम, आणि इतक्या उघडपणे स्वतःची हकिगत सांगणारं दुसरं फळ मला ठाऊक नाही.

चांगला बाळहिरडा काळाभोर, सुरकुतलेला, टोकांना निमुळता असतो. राखाडी झाक दिसली तर तो वळवाच्या पावसात सापडला असावा. मग नाकाशी धरायचा. कुबट वास लपत नाही. नंतर फोडायचा. खडकन तुटला आणि आत एकसंध, काळा, तकतकीत निघाला तर वेळेवर काढलेला. मधे टणक आठळी लागली तर काढणीला उशीर झालेला. न तुटता चिवटपणे वाकला तर ओल राहिलेली, म्हणजे वजनही खोटं आणि पुढे बुरशीही.

मग जीभ. तुकडा घाईनं चावू नये. आधी तुरटपणा येतो, आणि तो चवीपेक्षा स्पर्शच जास्त: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, जिभेचा बुळबुळीतपणा जातो, तोंड आखडतं. त्यामागून आंबट, मग कडू. वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं. हलक्या मालात तुरटपणावरच सगळं थांबतं, किंवा जमिनीवर वाळवल्याची माती दाताखाली येते. आयुर्वेदानं हिरड्यात खारट सोडून पाचही रस मानले. भावप्रकाशात तर मगजात गोड, तंतूंत आंबट, देठात कडू, सालीत तिखट, आठळीत तुरट अशी वाटणीच आहे. ती पडताळायला अर्थात पक्का हिरडा हवा. त्याची जुनी कसोटीही तिथेच सापडते: फळ नवं, घट्ट, जड असावं आणि पाण्यात बुडावं. आजचा आयुर्वेदिक फार्माकोपिया हरीतकीत पाण्यात विरघळणारा अंश किमान 60 टक्के मागतो.

इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा कातडी कमावण्यासाठी विलायतेला जाई. तिथं टॅनिनशी मतलब, चवीशी नाही. औषधाच्या बाजारानं तरी तसं वागू नये. पण आजही बऱ्याच ठिकाणी सगळा माल एका ढिगात, एकाच भावात जातो. चिरूट असो की चहा, चव पारखणाऱ्या माणसाला तिथं मान आहे आणि पगारही. इथं कोणत्या झाडाचं फळ कधी उतरवायचं हे जाणणाऱ्या बाईला त्या जाणतेपणाचा एक रुपयाही जास्त मिळत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली हिरड्याची झाडं पडली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची झाडं गेली. नुकसानीच्या हिशेबात ही ओळख कुठल्या रकान्यात बसणार?

खरेदीच्या जागी तीन ढीग करावेत, असं माझं ठाम मत आहे: वेळेवर काढलेला, आठळी धरलेला आणि डागी. प्रत्येकाचा भाव वेगळा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक गोणीतली मूठभर फळं विकणाऱ्या बाईसमोर फोडून बघितली तरी पुरे. आदिवासी विकास महामंडळ 1972 पासून आहे. सुरुवात त्यानं करावी. आणि गोणीवर दोन गोष्टी लिहाव्यात: फळ कोणत्या आठवड्यात उतरवलं, आणि कातळावर वाळवलं की मातीवर.