डब्याला चोच हवी

ऑइलपेंटचा डबा ज्याने कोणी घडवला, त्याच्या डोळ्यांपुढे रंग ओतणारा माणूस नव्हता. त्याला डबा कारखान्यात भरायचा होता, झाकण ठोकून बंद करायचा होता, ट्रकमध्ये थरावर थर लावून गावोगाव धाडायचा होता आणि दुकानाच्या फळीवर आतला रंग न वाळता महिनोन् महिने ठेवायचा होता. ही सगळी कामं डबा चोख करतो. रंग बाहेर काढायचं काम तेवढं त्याने रंगाऱ्यावर सोडलं. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरं रंगवण्यात माझं आयुष्य गेलं. ब्रश कसा मारावा, लांबी कशी ओढावी, कागद कुठवर घासावा, यावर बोलणारे पुष्कळ भेटले. ओतण्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि घरमालकाशी वाजतं ते बहुतेक वेळा फरशीवर सांडलेल्या रंगावरून. भिंतीवरून क्वचितच.

चार लिटरचा डबा उघडला की त्याचा काठ एकदा निरखून बघा. तोंडाभोवती पत्र्याची एक गोल खाच असते, पेन्सिल बसेल एवढी. झाकणाची कड त्या खाचेत रुतते. आटे नाहीत, रबर नाही. पत्र्यावर पत्रा दाबून बसतो, त्यावरच सगळी भिस्त. तेवढं घट्ट बसायलाच हवं, कारण ऑइलपेंट काही नुसतं टर्पेंटाइन उडून वाळत नाही. त्यातली तेलाची राळ हवेतला प्राणवायू ओढते आणि आवळत जाते. म्हणजे डब्यात हवा शिरली की रंगाने डब्यातच वाळायला सुरुवात केली. वर जी चामड्यासारखी साय धरते ती यामुळे.

आता हीच खाच ओतताना आडवी येते. रंगाला बाहेर पडायचं तर आधी ती ओलांडावी लागते, आणि ओलांडता ओलांडता तो ती भरून टाकतो. डबा सरळ केला की काही रंग बाहेरच्या अंगाने लेबलावर ओघळतो, उरलेला खाचेत बसून राहतो. पोऱ्या हातोडी घेतो, झाकणावर मारतो, आणि खाचेतला रंग चहूकडे उडतो. उडाला नाही तर तिथेच वाळतो. मग पुढच्या वेळी झाकण नीट बसत नाही, फटीतून हवा जाते, साय धरते, आणि सहा महिन्यांनी त्याच घरात खिडकीला हात मारायला गेलेला माणूस डब्यातली साय कापून काढतो, उरलेला रंग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळत बसतो. एका निष्काळजी ओतण्याचं हे देणं असतं. ते फेडायला बहुधा दुसराच कोणी असतो, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या वस्तादांचा पहिला धडा साधा होता: लेबलाच्या पाठीमागून ओत. तेव्हा मला ती नुसती टापटीप वाटायची. पण शेडचं नाव, नंबर, बॅच हे सगळं लेबलावर असतं. एकाच शेडचे दोन बॅचचे डबे शेजारी लावले तर भिंत बोलते; म्हणून जाणता रंगारी मोठ्या भिंतीसाठी दोन्ही डबे आधी एकत्र ढवळून घेतो. लेबल रंगाने माखलं की ही माहिती गेलीच. दुकानातल्या मशीनवर बनवलेल्या शेडचं तर आणखी अवघड, कारण त्याचा नंबर एका चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो आणि तो पुन्हा मिळवायचा दुसरा सोपा मार्ग नसतो.

वस्तादांचा दुसरा धडा काठीचा. ढवळायची पट्टी काठाला टेकवून धरायची आणि रंग तिच्या अंगावरून खाली डबड्यात सोडायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कांडीवरून द्रव ओततात ते हेच. धार पट्टीचा हात धरून उतरते, इकडेतिकडे जात नाही. एक लिटरच्या डब्याला ही युक्ती आजही पुरते. चार लिटरचा भरलेला डबा मात्र दोन हात मागतो, आणि तिसरा हात देवाने रंगाऱ्याला दिलेला नाही.

तिसरी युक्ती खिळ्याची. खाचेच्या तळाला चार-पाच भोकं पाडायची, म्हणजे साचलेला रंग परत डब्यात गळतो. झाकण बसलं की भोकं झाकली जातात, हवा फारशी जात नाही. पण ही युक्ती सगळ्या रंगांना चालत नाही. पातळ एनॅमल सरसर गळतं. घट्ट प्रायमर किंवा इमल्शन भोकावर येऊन ठाण मांडून बसतं. असं का, हे मला फार उशिरा समजलं, आणि सांगितलं ते इंजिनिअरिंगला असलेल्या पुतणीने.

ती म्हणाली, "काका, तुमच्या डब्याचं दुखणं चहाच्या किटलीचंच आहे." पातेल्यातून दूध बेताने ओतायला जावं तर ते पातेल्याच्या पोटावरूनच खाली येतं, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तिने सांगितलं की मार्कुस रायनर यांनी १९५६ साली या खोडीला 'टीपॉट इफेक्ट' असं नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी तिचं गणित मांडलं. आपण समजतो की द्रव काठाला चिकटतो म्हणून मागे वळतो. केलर यांचं म्हणणं वेगळं होतं: काठाशी वळताना द्रवाचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि बाहेरची हवाच धारेला भांड्यावर दाबून धरते. न ठिबकणाऱ्या किटलीच्या तोटीचं गणित केल्याबद्दल केलर आणि जाँ-मार्क वांदेन-ब्रूक यांना १९९९ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं असं ते पारितोषिक. मी हसलो नाही. माझ्या पँटवरचे डाग बघितले असते तर परीक्षकही हसले नसते. पुढे २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातल्या मंडळींनी लंडनच्या जोडीदारांबरोबर हा प्रश्न आणखी उकलला: काठाच्या अगदी खाली एक बारीक थेंब बसून राहतो, तो काठ ओला ठेवतो, आणि धार हळू झाली की त्याच वाटेने खाली वळते.

रंग चहापेक्षा कितीतरी घट्ट, त्यामुळे किटलीचं गणित डब्याला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी माझ्या हाताला आधीच माहीत होत्या. धार भीत भीत सोडली की सांडते. नवखा पोऱ्या सांडेल म्हणून डबा हळूहळू कलवतो आणि म्हणूनच सांडतो. धार एकदम, धीटपणे सोडावी आणि थांबवताना मनगटाला किंचित पीळ देऊन डबा झटकन सरळ करावा. दुसरी गोष्ट काठाची. गोल काठावरून द्रव सहज मागे वळतो, धारदार काठाशी तो तुटतो. आणि डब्याचा काठ तर मुद्दाम गोल वळवलेला असतो, हात कापू नये म्हणून. एकाचं भलं करताना दुसऱ्याची वाट लागते ती अशी.

भोकावर बसून राहणाऱ्या रंगाचं उत्तरही याच गोतावळ्यात निघालं. रायनर यांच्याबरोबर अमेरिकेत काम केलेले यूजीन बिंगहॅम नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि हेन्री ग्रीन यांनी १९१९ साली मांडलं की रंगाला नुसता दाट द्रव म्हणणं चूक आहे. ठरावीक जोर लागेपर्यंत तो जागचा हलतच नाही. एवढं ऐकल्यावर मला माझा सगळा धंदा नव्याने दिसला. ब्रशखाली रंग लोण्यासारखा पसरतो, कारण तिथे जोर आहे. उभ्या भिंतीवर तो ओघळत नाही, कारण तिथे नुसतं त्याचं स्वतःचं वजन आहे, आणि थर पातळ असला तर ते पुरत नाही. खाचेतल्या रंगाचंही तेच. जो गुण भिंतीवर आपल्याला हवा, तोच काठावर नको असतो. रंग बिचारा दोन्हीकडे एकच वागतो.

तर मग चोच. परदेशी बनावटीच्या प्लॅस्टिकच्या चोची आता घरबसल्या मागवता येतात. डब्याच्या काठावर दाबून बसवायच्या, ओतायचं, काढून घ्यायच्या. त्यांतल्या बऱ्याच अमेरिकन गॅलनच्या डब्यासाठी केलेल्या. तो गॅलन ३.७८५ लिटरचा. आपल्या चार लिटरच्या डब्यावर त्यांतली एखादी घट्ट बसते, एखादी खडखडते, आणि खडखडणाऱ्या चोचीखालून रंग गुपचूप खाचेत जातो. डोळ्यांना ती दिसत असल्याने आपण बेसावध असतो. त्यापेक्षा चोच नसलेली बरी.

मी लक्ष्मीपुरीतल्या एका पत्रेवाल्याकडून माझी चोच करून घेतली. गॅल्वनाइज्ड पत्र्याची चंद्रकोर, काठाचा साधारण तिसरा हिस्सा झाकणारी. तिची मागची कड डब्याच्या तोंडात आत उतरते, मधला भाग खाचेवरून पूल टाकतो, पुढची कड काठाच्या पुढे येऊन खाली झुकते. डबा सरळ केला की पत्र्यावरचा उरलेला रंग खाचेत न जाता थेट डब्यात परततो. पत्रेवाल्याशी माझं भांडण झालं ते पुढच्या कडेवरून. त्याने सवयीने ती मुरडून दिली. मी म्हटलं, "मामा, मुरडू नका, धार राहू द्या." तो म्हणाला, "हात कापला तर माझ्या नावानं बोंबलशील." शेवटी कड मुरडली नाही, फक्त कानशीने कोपरे मारले. हात अजून शाबूत आहे.

पण चोचीचा खरा हिशेब ओतताना लागत नाही, धुताना लागतो. ऑइलपेंट लागलेली वस्तू पाण्याने निघत नाही, टर्पेंटाइन लागतं. चोच धुवायला चमचाभर रंगाच्या बदल्यात वाटीभर टर्पेंटाइन जात असेल तर तो धंदा आतबट्ट्याचा. न धुता ठेवावी तर कडेवर रंगाचे थर चढतात, धार बोथट होते आणि चोच पुन्हा डब्याच्या काठासारखीच वागायला लागते. म्हणून ओतून झालं की आधी रद्दी कागदाने पुसायची आणि संध्याकाळी ब्रश धुतो त्याच टर्पेंटाइनमध्ये एकदा बुडवून काढायची. जो रंगारी ब्रश धुवायचा कंटाळा करतो, त्याने चोच विकत घेऊ नये.

पूर्वी आम्ही काठ बोटाने पुसायचो आणि बोट पँटला. त्या काळच्या रंगांत शिसं किती असायचं याची कोणाला फिकीर नव्हती. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही, हे चांगलं झालं. तरी बोटाने पुसू नका. फडकं ठेवा.

वीस लिटरच्या इमल्शनच्या बादलीला चोच बसवायचा नाद मात्र कोणी करू नये. भरलेली बादली पंचवीस किलोच्या वर जाते, ती कलवून बारीक धार सोडणं हे पाठीचं काम आहे, हाताचं नाही. तिथे सरळ मग घालून काढावं. मग पाण्याने धुतला जातो, बादली प्लॅस्टिकची असल्याने गंजत नाही, आणि पूर्वी कंपन्या रंगाऱ्यासाठी बादलीत टाकायच्या ते इनामाचं टोकनही हाताशी लागायचं. थिनरच्या चौकोनी डब्याचं आणखी वेगळं: त्याचं कोपऱ्यातलं तोंड वरच्या बाजूला ठेवून ओतावं. आत हवा जायला वाट राहते, गटगट होत नाही, शिंतोडे उडत नाहीत. बहुतेक जण तोंड खाली करून ओततात, का ते देव जाणे.

रंग कंपन्यांनी शेड हजारांनी काढल्या, मशिनी दुकानादुकानांत बसवल्या. एक लिटर आणि चार लिटरच्या डब्यासोबत एक साधी, घट्ट बसणारी पत्र्याची पट्टी द्यायला त्यांना जड जाऊ नये. ती निघेपर्यंत तुमच्या घरी रंगकाम असेल तर रंगाऱ्याला एवढंच सांगा: लेबलाच्या मागून ओत, झाकण लावण्याआधी खाच पुसून घे, झाकणावर फडकं टाकून मगच ठोक. आणि उरलेला डबा माळ्यावर टाकण्यापूर्वी शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि तारीख झाकणावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.