दोघांमधला तिसरा आवाज

१९ सप्टेंबर १९८१. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ‘ग्रेट लॉन’ या मोठ्या हिरवळीवर पहाटेपासूनच माणसं चादरी अंथरून जागा धरून बसली होती. त्या काळात शहर कर्जात होतं आणि पार्कची रया गेली होती. त्याच्या डागडुजीला पैसे उभे करायचे म्हणून हा कार्यक्रम होता. तिकीट नव्हतं, टीव्हीवरचं प्रक्षेपण आणि रेकॉर्डच्या विक्रीतून रक्कम यायची होती. संध्याकाळपर्यंत जमाव पाच लाखांवर गेला. महापौर एड कॉच मंचावर आले, दोन नावं उच्चारली आणि बाजूला झाले. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकेल. वेगळे होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

या अकरा वर्षांत सायमनने एकट्याने उत्तम गाणी केली. गारफंकेलनेही गायलं, सिनेमांत काम केलं. रसिकांनी दोघांच्या वेगवेगळ्या रेकॉर्डही घेतल्या, मनापासून ऐकल्या. पण त्या संध्याकाळी लोक आले होते ते निराळंच काहीतरी ऐकायला. जवारी चांगली असलेला तानपुरा सुरात लागला की कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सायमनचा जमिनीवरचा, बोलका आवाज आणि गारफंकेलचा उंच, झुळझुळीत आवाज एकत्र आले की असाच एक तिसरा आवाज उमटे. तो दोघांपैकी कुणाच्याच एकट्याच्या मालकीचा नव्हता. चाहत्यांचं प्रेम जडलं ते त्या आवाजावर.

तो घडायला फार वर्षं लागली होती. दोघंही १९४१ साली तीन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेले. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स हिल्स या वस्तीत त्यांची घरं काही गल्ल्यांच्या अंतरावर होती. १९५३ साली शाळेच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ नाटकात पॉल पांढरा ससा झाला आणि आर्ट चेशायर मांजर. तालमींमधून मैत्री झाली. मग रेडिओवर एव्हर्ली ब्रदर्स ही गायक भावांची जोडी ऐकू येऊ लागली आणि दोन्ही पोरं वेडावली. नाकाला नाक लावून बसायचं, समोरच्याचे ओठ कसे हलतात, जीभ टाळूला कुठे लागते ते बघायचं आणि प्रत्येक अक्षर त्याच क्षणी उच्चारायचं, अशी त्यांची तालीम चाले. १९५७ साली, सोळाव्या वर्षी, ‘टॉम अँड जेरी’ या नावाने त्यांनी काढलेलं ‘हे, स्कूलगर्ल’ देशाच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे हे दोघे गायक होण्याआधी चाहते होते. पुढे रॉय हॅली या ध्वनिमुद्रकाने त्यांना एकाच मायक्रोफोनसमोर उभं करून त्यांचा मेळ टिपला. त्यामागे त्या बालपणीच्या सगळ्या दुपारी होत्या.

आणि तरीही पहिला आल्बम पडला. १९६४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘वेन्सडे मॉर्निंग, ३ ए.एम.’च्या जेमतेम तीन हजार प्रती खपल्या. सायमन इंग्लंडला जाऊन छोट्या फोक क्लबांत गाऊ लागला, गारफंकेल कोलंबिया विद्यापीठात परतला. जोडी संपल्यातच जमा होती.

इथून पुढची गोष्ट श्रोत्यांची आहे. त्या पडलेल्या आल्बमात ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ होतं, विजेच्या वाद्यांविना गायलेलं. सायमनने ते न्हाणीघरात बसून रचलं होतं: दिवा बंद, नळ सोडलेला, आणि फरशांवरून घुमून परत येणारा स्वतःचा आवाज. बॉस्टनच्या एका रेडिओ केंद्राने ते वाजवलं आणि तिथले कॉलेजचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा त्याची फर्माईश करू लागले. सुट्टीत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर गेलेली मुलंही तेच मागू लागली. ही खबर रेकॉर्ड कंपनीत पोहोचल्यावर निर्माता टॉम विल्सन याने जून १९६५मध्ये जुन्या मुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. दोघा गायकांना विचारलंही नाही. नवं रूप ऐकून सायमन हादरला. १ जानेवारी १९६६ रोजी तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. विल्सनचं धाडस खरंच, पण त्याच्याआधी त्या पोरांनी हे गाणं कचऱ्यातून उचलून आणलं होतं. त्यांची नावं कुठल्याही रेकॉर्डच्या वेष्टनावर नाहीत.

याच गाण्याभोवती चाहत्यांची आणखी एक लाडकी कथा आहे. गारफंकेलचा कॉलेजातला खोलीसोबती सँफर्ड ग्रीनबर्ग तरुणपणीच काचबिंदूने आंधळा झाला. गारफंकेल त्याला अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवी आणि त्या वेळी स्वतःला ‘अंधार’ म्हणवून घेई. एकदा त्याने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर मित्राला मुद्दाम एकटं सोडलं. मित्र धडपडत, ठेचकाळत विद्यापीठापर्यंत पोहोचला तेव्हा कळलं की गारफंकेल साऱ्या वाटेत त्याच्या मागेमागेच होता. ग्रीनबर्गने हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्यावरून गाणं त्याच्यासाठीच लिहिलं गेलं असं पुष्कळ जण सांगतात. ते तसं नाही. गाणं सायमनचं आणि त्याची जन्मकथा वेगळी आहे. पण गाण्यात अंधाराला मित्र म्हणताना गारफंकेलच्या आवाजात इतकी माया कुठून आली असेल, हे ग्रीनबर्गची हकीकत वाचल्यावर समजतं, आणि म्हणून ती सांगितली जावी.

प्रेम करणाऱ्याने खरंही बोलावं. ‘स्कारबरो फेअर’ हे इंग्लंडचं पारंपरिक गीत. सायमनने ते लंडनमध्ये मार्टिन कार्थी या गायकाकडून, त्याच्या गिटारच्या बांधणीसकट उचललं आणि रेकॉर्डवर त्याचं नाव दिलं नाही. कार्थीला हे वर्षानुवर्षं लागून राहिलं. शेवटी २००० साली लंडनच्या मंचावर दोघांनी ते एकत्र गायलं.

त्यांची गाणी प्रवासाची आहेत, म्हणून लोक ती नकाशावर शोधत फिरतात. इंग्लंडमधल्या विडनेस नावाच्या छोट्या स्टेशनात एक पाटी आहे: घरच्या ओढीचं ‘होमवर्ड बाउंड’ सायमनने गाडीची वाट पाहत इथे लिहिलं म्हणतात. पण सगळ्यांत जास्त माणसांनी आपलंसं केलं ते १९६८च्या ‘बुकएंड्स’मधलं ‘अमेरिका’. एक तरुण आणि त्याची मैत्रीण बसने देश शोधायला निघतात, सहप्रवाशांवरून गमतीच्या गोष्टी रचतात, सिगारेटी संपतात, मैत्रीण झोपी जाते आणि मग त्याच्या आत साचलेलं रिकामपण बाहेर येतं. ओळींना यमक नाही, तरी ते जाणवतही नाही. गाण्यात मिशिगनमधल्या सॅगिनॉचं नाव येतं. मोटारींचे कारखाने बंद होत गेले तसं ते शहर ओस पडलं. २०१० साली तिथल्या एका चित्रकाराने पडक्या, रिकाम्या इमारतींच्या भिंतींवर या गाण्याच्या ओळी रंगवायला सुरुवात केली. गावातून निघून जाणाऱ्यांचं गाणं, आणि आता त्याच गावात मागे राहिलेल्यांनी ते भिंतीवर लिहिलेलं. गाण्याच्या शेवटी न्यू जर्सी टर्नपाइकवरच्या मोटारी मोजल्या जातात. तो महामार्ग एडिसन गावावरून जातो, जिथे आता कितीतरी मराठी घरं वसली आहेत. रोज कामाला जाता-येताना त्या वाहतुकीत अडकणाऱ्या आपल्या माणसांनी हे गाणं एकदा गाडीत लावून पाहावं. काहीतरी शोधत इतक्या लांब आलेल्यांना ते परकं वाटणार नाही.

२०१२ साली स्टॉकहोममध्ये सायमनला पोलर संगीत पुरस्कार मिळाला तेव्हा क्लारा आणि योहाना सॉडरबर्ग या स्वीडिश बहिणींनी त्याच्यासमोर ‘अमेरिका’ गायलं. गाणं आलं तेव्हा या दोघींचा जन्मही झालेला नव्हता. ते संपताच सायमन उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला.

‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ची गोष्ट मात्र दुखरी आहे. सायमनने ते लिहिलं आणि गारफंकेलला दिलं. गारफंकेल म्हणाला, तूच गा. सायमनने ऐकलं नाही. लॅरी नेक्टेलच्या पियानोवर ते ध्वनिमुद्रित झालं, १९७०मध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, पुढच्या वर्षी त्यावर ग्रॅमी पुरस्कारांचा वर्षाव झाला. कार्यक्रमांत लोक उभं राहून गारफंकेलला टाळ्या देत आणि सायमन विंगेत बसून मनाशी म्हणे, गाणं माझं आहे. हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलं. १९७० सालीच जोडी फुटली. कारणं आणखीही होती. गारफंकेल ‘कॅच-२२’ सिनेमासाठी मेक्सिकोत अडकून पडला, एकट्या सायमनने न्यूयॉर्कमध्ये बसून त्याला उद्देशून ‘द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क’ लिहिलं आणि त्यात मित्राला पोरवयातल्या ‘टॉम’ या नावाने हाक मारली. रुसवा आणि माया एकाच सुरात इतकी क्वचितच ऐकू येतात.

‘ब्रिज’ मात्र त्या भांडणापासून केव्हाच सुटलं. अ‍ॅरिथा फ्रँकलिन या गायिकेने ते चर्चमधल्या भक्तिगीतासारखं गायलं. जून २०१७मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली. त्यांच्या कुटुंबांसाठी अनेक गायकांनी मिळून हेच गाणं गायलं आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. २०१८च्या निरोपाच्या दौऱ्यात सायमनने ते स्वतः गायलं. त्या दौऱ्याचा शेवट त्याने क्वीन्समध्ये केला, लहानपणीच्या घरापासून जवळच्याच पार्कमध्ये.

सेंट्रल पार्कच्या त्या रात्रीकडे वळायला हवं, कारण तिथे एक भयाचा क्षणही होता. पार्कला लागूनच डकोटा ही इमारत आहे. नऊच महिन्यांपूर्वी तिच्या दारात जॉन लेनन मारला गेला होता, आणि त्याला मारणाऱ्याने त्याच दिवशी त्याची सही घेतली होती. सायमन लेननचा उल्लेख असलेलं नवं गाणं एकट्याने गात असताना एक माणूस मंचावर धावून आला. रक्षकांनी त्याला बाजूला नेलं. सायमनने गाणं पूर्ण केलं. थोड्या वेळाने दोघांनी ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ घेतलं. त्यात दहा हजार माणसांचा उल्लेख येतो तिथे समोरच्या पाच लाखांनी जो जल्लोष केला तो रेकॉर्डवर आजही ऐकू येतो.

लोकांचा आवाज या जोडीच्या रेकॉर्डवर त्याआधीही होता. एव्हर्ली ब्रदर्सचं ‘बाय बाय लव्ह’ त्यांनी आयोवातल्या एम्स गावच्या कार्यक्रमात गायलं, लोकांनी ठेका धरला, आणि तीच टाळ्यांची लय १९७०च्या शेवटच्या आल्बमात राहिली. २००३-०४च्या दौऱ्यात दोघे पुन्हा एकत्र आले. तेव्हा दोघांचीही साठी उलटली होती. कार्यक्रमाच्या मध्येच ते थांबत, लहानपणी आपण कुणाला ऐकत होतो ते सांगत आणि डॉन आणि फिल एव्हर्ली यांना बोलावून मंच त्यांच्या हवाली करत. ते दोघे भाऊही एकेकाळी भांडून दहा वर्षं वेगळे राहिलेले. त्यांची स्वतःची गाणी झाली की सायमन आणि गारफंकेल परत येत, आणि मग चौघं मिळून ‘बाय बाय लव्ह’ म्हणत. लोक ठेका धरत.