वचनाचा धनी

देवाच्या वचनावर आपला विश्वास आहे, असे म्हणणे ख्रिस्ती मनुष्यास मुळीच अवघड नाही. रविवारच्या उपासनेत शंभर जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळून आम्ही ते आज पन्नास वर्षे म्हणत आलो आहोत. अवघड प्रसंग येतो तो, ते वचन आपल्या मनासारखे काम करीनासे झाले म्हणजे. आमच्यावर तो गेल्या नाताळच्या सुट्टीत आला. अलिबागेहून रेवदंड्यास जाताना, नागावच्या नारळीपोफळीच्या वाड्यांमधून मोटार चालली असता.

मोटार आमचे चिरंजीव चालवीत होते. रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "बाबा, तुम्हांला वाईट वाटेल, पण सांगून टाकतो. मी हल्ली देवळात जात नाही. बायबल मला आवडतं. पण त्यानं मला आज्ञा करावी आणि मी ती ऐकावी, असं काही वाटत नाही."

यावर आम्ही काय बोलणार? तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकविताना ईयोबाच्या ग्रंथाची भव्यता, स्तोत्रांतील जोडओळींची रचना, 1611 सालच्या इंग्रजी भाषांतराचे त्या भाषेच्या गद्यावर झालेले संस्कार, हे सर्व आम्हीच मोठ्या रसाळपणे सांगत आलो. घरी जेवतानाही तेच. ग्रंथाची शैली पारखणारा मनुष्य नकळत त्या ग्रंथाहून उंच आसनावर जाऊन बसतो, आणि पुढे खाली उतरावयाचे विसरतो. मुलाने आमचीच गादी चालविली होती. आमच्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे, एवढाच काय तो फरक.

आम्ही निघालो होतो आजोबांच्या वहीच्या मागाने. आजोबा शुभवर्तमाने विकीत हिंडत. तेव्हा या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हे नाव 1981 साली आले. खांद्याला पिशवी, पिशवीत पैशा-दोन पैशांच्या पुस्तिका, आणि संध्याकाळी दिवसाची विक्री मोडीत टिपून ठेवावयाची, हा त्यांचा क्रम. एके ठिकाणी रेवदंड्याच्या एका इस्राएल तेल्याची नोंद आहे. त्याने स्तोत्रसंहिता विकत घेतली, शुभवर्तमान नम्रपणे परत केले, आणि आजोबांस पाणी व गूळ दिला. आजोबांनी खाली एक रेघ मारली आहे. ती समाधानाची की निराशेची, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

हे इस्राएल तेली म्हणजे बेने इस्राएल. नौगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. मराठी ही त्यांची मायबोली झाली, आणि गावांच्या नावांवरून नौगावकर, रेवदंडकर, पेणकर अशी आडनावे पडली. उरले काय? सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, देव एकच आहे असे सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना, आणि शनिवारचा विसावा. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्या घरी बायबलच्या सात प्रती आहेत, त्यांपैकी दोन सटीप. परंतु एखादा दिवस तरी आमचा घाणा त्यातील शब्दाखातर थांबला आहे काय, हा प्रश्न त्या मोटारीत आम्हांस फार बोचला. ज्यांच्यापाशी पुस्तकच नव्हते, त्यांच्यावर वचनाचा अंमल शतकानुशतके चालला होता.

मग पुस्तक आले, आणि ते आणले आमच्या लोकांनी. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले. त्यांच्या शाळांतून बेने इस्राएलांची मुले शिकली, काही त्याच शाळांत शिक्षकही झाले. 1829 साली आलेल्या जॉन विल्सनसाहेबांनी तर या लोकांसाठी 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. जुना करार मराठीत आला, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे ही मंडळी या तेल्यांच्या ओटीवर मराठी बोलू लागली. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. वचन हाती दिले की पुढचे काम वचनच करील, असा त्यांचा भरवसा होता.

काम झालेही, पण कसे? ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीचे त्याच पुस्तकाच्या आधाराने अधिक पक्के यहुदी झाले. त्यांनी आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या आणि सभास्थाने बांधली. 1880च्या सुमारास तर त्यांच्यात कीर्तने होऊ लागली, आणि हरिदासी थाटात अब्राहामाची व योसेफाची आख्याने लागली! विल्सनसाहेबांनी ते 1880 सालचे कीर्तन ऐकले नाही. ते 1875 सालीच वारले. ऐकते तर हसते की खिन्न होते, कोण जाणे.

यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात वचनाला पावसाची उपमा दिली आहे. कोकणातल्या मनुष्यास ती समजावून द्यावी लागत नाही. पण त्या अध्यायातील एक खुबी आम्ही इतकी वर्षे वाचून न वाचल्यासारखी केली होती. वचन सफल होते ते पाठविणाऱ्याच्या मनाप्रमाणे. पिशवीतून वाहून नेणाऱ्याच्या मनाप्रमाणे नव्हे. त्याचा अधिकार मान्य करणे म्हणजे त्याच्यावरचा आपला अधिकार सोडणे, आणि नेमके तेच आम्हांस जड जाते. आमच्या तर्कशास्त्र शिकविणाऱ्या मित्रांस हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की या युक्तिवादात हरण्याची सोयच ठेवलेली नाही. काहीही घडले तरी जय वचनाचाच! आक्षेप खरा आहे, आणि त्याला आमच्यापाशी उत्तर नाही.

रेवदंड्याचे सभास्थान बंद होते. इस्राएल राष्ट्र 1948 साली स्थापन झाल्यावर इकडची बहुतेक घरे हळूहळू तिकडे गेली. शेजारच्या बाईंनी किल्ली आणली. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी तिरपी बसविली होती. "हे काय?" चिरंजीवांनी विचारले. तीत शेमा लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो, असे आम्ही सांगितले. त्या शैलीविषयीही काही सांगण्याचा मोह झाला, तो आवरला.

परतताना चौलजवळ वही उघडून आम्ही मोडीतल्या नोंदी मोठ्याने वाचू लागलो. चिरंजीवांस मोडी येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच तेली. पाणी दिले, गूळ दिला, पुस्तक घेतले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. इतक्यात काळोख पडला आणि अक्षर दिसेनासे झाले. आम्ही वही मिटू लागलो, तोच चिरंजीवांनी मोटारीतला दिवा लावला.

"पुढे?" ते म्हणाले.